तेरा लाखांतला आपला एक

पत्राचा सारांश : सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. यजमान बँकेतून निवृत्त, एकुलता मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. त्याला एमएस करायला जर्मनीला जायचंय. कन्सल्टंटने सगळा मिळून ३८ लाखांचा अंदाज दिला आहे आणि त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवायचं चाललंय. गेले चार महिने त्यांच्याकडे एक जर्मन मुलगी पेइंग गेस्ट म्हणून राहते. ती एका सत्रापुरती पुण्यात शिकायला आली आहे, डिसेंबरात परत जाईल. तिच्यावरूनच रोज रात्री जेवताना वाद पेटतो. यजमान म्हणतात, "भारतातून १३ लाख पोरं बाहेर, जर्मनीतून दीड लाखसुद्धा नाहीत. त्यांना आपला देश प्यारा आहे. आलीच तर हिच्यासारखी चार महिन्यांत परत जातात." मुलगा म्हणतो, "१३ लाख लोक वेडे आहेत का? इथे काही असतं तर गेले असते का?" आई लिहितात, "दोघंही आकडे फेकतात. मला आकड्यांतलं कळत नाही म्हणून मी गप्प बसते. कोणाचं बरोबर, एवढं सांगाल का?"

ताई,

घराच्या कागदपत्रांची फाईल तुम्ही रोज रात्री उचलून फ्रिजवर ठेवता, आमटीचा थेंब पडू नये म्हणून, आणि सकाळी ती पुन्हा टेबलावर आलेली असते. तुमच्या पाच पानी पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. वीस वर्षं हप्ते फेडून मोकळं केलेलं घर आहे त्या फाईलमध्ये. तुमच्याकडचा वाद मुळात त्या फाईलचा आहे असं मला वाटतं. तिच्याकडे येतेच. पण आधी आकडे बघू, कारण ते तुमच्यासमोर इतक्या जोरात आपटले गेलेत की तुम्ही स्वतःला अडाणी समजायला लागला आहात, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही.

यजमानांचे आकडे खोटे नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ मध्ये १३ लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी परदेशात होते. पदवीसाठी बाहेर गेलेले जर्मन विद्यार्थी १ लाख ४० हजारांच्या आसपास भरतात. शेजारी शेजारी लिहिले की कोणाच्याही छातीत धस्स होईल. पण तुम्ही मुंजी-बारशाच्या पंगती वाढल्या असतील. चाळीस जणांच्या पंगतीत चौघांनी पानात टाकलं आणि चारशेंच्या पंगतीत बारा जणांनी टाकलं, तर स्वयंपाक कुठला बिघडला म्हणाल? २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार भारतात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते. जर्मनीत साधारण २९ लाख आहेत. आता शंभरामागे काढा. आपल्याकडचे तीन बाहेर जातात, त्यांच्याकडचे जवळपास पाच. यजमानांच्याच मोजपट्टीने मोजलं तर देश नकोसा झालाय तो जर्मन मुलांना!

हाही निष्कर्ष मी काढणार नाही, कारण मोजपट्टीच कच्ची आहे. सालं मागेपुढे आहेत, आणि कोणाला 'परदेशी विद्यार्थी' म्हणायचं हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. युनेस्कोच्या मोजणीत भारताचा आकडा आपल्या मंत्रालयाच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली येतो. वर्षापेक्षा कमी काळासाठी देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात गेलेली मुलं त्या मोजणीत धरतच नाहीत. म्हणजे गंमत बघा, ज्या मुलीकडे बोट दाखवून तुमच्या घरात रोज हा वाद होतो, ती त्या दीड लाखांत बहुधा मोजलेलीच नाही. माहेरपणाला चार दिवस आलेली लेक आणि सासरी नांदायला गेलेली लेक, दोघी घराबाहेर पडल्या एवढंच सारखं. तुमची पाहुणी माहेरपणाला आली आहे. तुमच्या मुलाला नांदायला जायचंय. यजमान या दोघांना एका तागडीत घालतायत.

जर्मन मुलं पदवीसाठी जातात तरी कुठे, तर बरीचशी ऑस्ट्रियात, नेदरलँड्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये. आपल्याकडचा मुलगा कोल्हापूरहून बेळगावला जावा तसं. ऑस्ट्रियात भाषा तीच. आणि बऱ्याच जणांचं कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल: त्यांना घरी हव्या त्या विषयाला प्रवेश मिळत नाही. जर्मनीत वैद्यकीयला शालेय गुणांची अट फार कडक आहे, म्हणून तिथली मुलं व्हिएन्नाला जातात, हंगेरीत जातात. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात जर्मन भाषेतून डॉक्टरकी शिकवतात, ती याच मुलांसाठी. मग आपल्या नीटची आठवण येतेच. २०२४ ला सुमारे २४ लाख मुलांनी नोंदणी केली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. २०२२ मध्ये युक्रेनमधून विमानं भरभरून परत आणलेली हजारो मुलं आठवा. ती काही देश नकोसा झाला म्हणून खारकिव्हला गेली नव्हती. जागा नव्हती, किंवा जागा होती तिथली फी परवडत नव्हती.

इथेच तुमच्या मुलालाही माझं उत्तर आहे. १३ लाख वेडे नाहीत, पण ते एका कारणाने गेलेलेही नाहीत. त्यात हे एमबीबीएसवाले आहेत, कॅनडात कायमचं स्थायिक व्हायला गेलेले आहेत, आईबापांनी बारावीनंतर लगेच पाठवलेले आहेत, आणि खरोखर एखादा विषय इथे नीट शिकता येत नाही म्हणून गेलेलेही आहेत. या गर्दीने तुमच्या मुलाच्या बाजूने मतदान केलेलं नाही. जर्मनीपुरतं बोलायचं तर २०२४-२५ च्या हिवाळी सत्रात तिथे ५९,४१९ भारतीय विद्यार्थी होते, दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. ती वाट मळलेली आहे एवढं यातून कळतं. त्याने त्या वाटेने कुठे पोचायचं, हे त्यालाच सांगावं लागेल.

मागे एकदा संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या बाहेर चहाला थांबले होते. जर्मनचा वर्ग सुटला होता. शेजारी एक मुलगा उभा होता, ग्लास वहीवर ठेवून त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले शब्द पुटपुटत होता. मी विचारलं, जर्मनीच का? "सगळे चाललेत, काकू." विषय कुठला घेणार? "ऑटोमोटिव्हमधलं काहीतरी." विद्यापीठ? "ते कन्सल्टंट बघतोय." मुलगा हुशार होता, कष्टाळू होता, दिवसभर कॉलेज करून संध्याकाळी शब्द पाठ करत होता. आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या निर्णयातलं त्याचं स्वतःचं असं काय होतं, तर ती वही. मला त्या रात्री फार वाईट वाटलं. तुमच्या पत्रात मी शोधत होते, तुमच्या मुलाला नेमकं काय शिकायचंय. 'जर्मनीला जायचंय' हे सहा वेळा आलंय, विषयाचं नाव एकदाही नाही. कदाचित तुम्ही लिहायचं राहिलं असेल. तसं असेल तर उत्तमच.

आता फाईलकडे येते. ताई, ३८ लाख कुठून आले?

मी हे विचारतेय कारण जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत, दर सत्राला काही युरो वर्गणी घेतात एवढंच. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो सुरू केले आहेत. राहण्या-जेवणाची सोय आहे हे दाखवायला व्हिसाच्या वेळी एका वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. आपले साधारण बारा लाख झाले. ते पैसे कोणाच्या घशात जात नाहीत, तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे त्यालाच परत मिळतात, त्यातच त्याने भागवायचं. दोन वर्षं धरा, विमान, विमा, परीक्षा धरा, तरी सरकारी विद्यापीठाचा हिशेब ३८ लाखांपर्यंत ओढून नेणं अवघड आहे. तो तिथवर जातो तेव्हा बहुतेक वेळा मध्ये खासगी विद्यापीठ असतं. खासगी म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. पण अनेक कन्सल्टंटांना खासगी विद्यापीठांकडून दर प्रवेशामागे कमिशन मिळतं आणि सरकारी विद्यापीठाच्या अर्जात फारसं काही मिळत नाही, हे पुण्यात या धंद्यातल्या कोणालाही विचारा. माझ्या ओळखीच्या एका घरात नेमकं हेच झालं. मुलीला दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळण्याजोगे गुण होते, पण तिथे कधी अर्जच केला गेला नाही. ते कळलं तेव्हा पहिल्या सत्राची फी भरून झाली होती.

तेव्हा या आठवड्यात मुलाला एवढंच विचारा, "तुझ्या विद्यापीठाचं नाव मला कागदावर लिहून दे, ते सरकारी आहे की खासगी ते लिही, आणि ३८ लाखांची फोड करून दे." तुमच्या यजमानांनी आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे कागद तपासले आहेत. ही फोड त्यांच्याइतकी नीट कोण तपासणार? गेले चार महिने ते देशावर बोलतायत, कारण बोलायला त्यांना तेवढाच विषय शिल्लक ठेवलाय. त्यांना मुलाच्या बाजूला, त्याच टेबलावर, पेन घेऊन बसवा.

त्यांच्या मनातलं आणखी एक सांगते, चुकलं तर माफ करा. तुम्ही शेवटच्या पानावर लिहिलंय की रात्री दिवा घालवल्यावर ते म्हणाले, "गेला की येत नाही." जेवताना ते देशाचं बोलतात आणि अंधारात हे बोलतात. एकुलता मुलगा, वय साठीच्या पुढे, तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही. देश नकोसा झाला का, हा प्रश्न मुलाच्या अंगावर टाकणं सोपं असतं. आम्हाला कोण, हे विचारणं पुरुषमाणसाला फार जड जातं. तो प्रश्न कोणीतरी उघड मांडायला हवा आणि तुमच्या घरात ते तुम्हीच करू शकाल. उत्तर लगेच मिळणार नाही. पण एकदा बोललं गेलं की १३ लाखांच्या आडून बोलायची गरज उरणार नाही.

देशाबद्दलची त्यांची कळकळ मात्र मी वाऱ्यावर सोडणार नाही, ती मलाही आहे. त्यांनी चुकीच्या बाजूचा आकडा धरलाय एवढंच. जर्मनीतून किती बाहेर जातात यापेक्षा तिथे किती येतात ते बघा: २०२३-२४ मध्ये ३ लाख ८० हजारांच्या आसपास. आणि आपल्याकडे? २०२१-२२ मध्ये सगळ्या भारतात मिळून ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यातले चौथ्या हिश्शाहून जास्त एकट्या नेपाळचे. जाणारे लाखांनी आणि येणारे हजारांनी, हे मात्र खरोखर मनाला लावून घ्यावं असं आहे. पुण्याला तर जास्तच. आफ्रिकेतली, इराणमधली, आखातातली मुलं कॅम्पात आणि डेक्कनवर वावरताना बघत माझी पिढी मोठी झाली. १९७१ मध्ये शां. ब. मुजुमदारांनी सिंबायोसिस सुरू केली ती परदेशातून आलेल्या मुलांचे हाल बघून, त्यांना इथे कोणीतरी आपलं वाटावं म्हणून. या शहराकडे तो आपुलकीचा हात होता. तुमच्या घरी एक मुलगी येऊन राहिली, वरण-भात खाते, तुम्हाला 'काकू' म्हणते, हे त्याच धाग्यातलं आहे आणि तुम्ही ते फार चांगलं केलंत. पण हा तोल सुधारायचा तर आपल्याकडे संशोधनाला पैसा हवा, वसतिगृहं हवीत, अभ्यासक्रम ताजे हवेत. बावीस वर्षांच्या एका मुलाला घरी बसवून तो सुधारत नाही.

जर्मनांचं खरं घेण्यासारखं काय असेल तर परतीची वाट आधी बांधून ठेवणं. १९८७ मध्ये युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली. विद्यार्थी एक सत्र दुसऱ्या देशात शिकतो, तिथे मिळवलेली क्रेडिट्स घरच्या विद्यापीठात धरली जातात, वर थोडी शिष्यवृत्तीही मिळते. वर्ष वाया जात नाही, घर गहाण पडत नाही. आपल्याकडे जाणं म्हणजे एकदाच, सगळं पणाला लावून. मग साहजिकच कर्ज फिटेपर्यंत परत येणं जमत नाही. "गेला की येत नाही" यामागे कित्येकदा मुलाचं मन नसतं, हप्ता असतो. म्हणून तुमच्या यजमानांना मुलगा परत यायला हवा असेल, तर त्यांनी कर्ज छोटं राहील हे बघावं. त्यांच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

कर्ज छोटं राहील अशा वाटा आहेत. पहिली सरळ आहे: फक्त सरकारी विद्यापीठांना अर्ज करायचे, अर्ज स्वतः भरायचे. हिवाळी सत्रासाठी पुष्कळ ठिकाणी जुलैच्या मध्यापर्यंत मुदत असते, काही ठिकाणी बरीच आधी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ लागतो, ते आधी हातात घ्यायचं. आणि जर्मन भाषा. वर्ग इंग्रजीतून असले तरी मेकॅनिकलमधल्या नोकरीची मुलाखत बहुतेक वेळा जर्मनमध्ये होते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, त्या काळात भाषा नसलेली मुलं किती हवालदिल होतात हे मी ऐकलंय. रानडेला जावं किंवा बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवनला, पण बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, तरी इथूनच करून जावं. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. भाषा येत असेल तर ते विषयाशी संबंधित मिळतं, नाहीतर गोदामात खोकी उचलण्याचं.

दुसरी वाट मुलाला आवडणार नाही, तरी सांगते. दोन वर्षं इथे नोकरी. चाकणला २००९ पासून फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कितीतरी. तिथे दोन वर्षं काढली की आपल्याला डिझाइन आवडतं की उत्पादन की टेस्टिंग, हे स्वतःला कळतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटचे थोडे पैसे स्वतःचे उभे राहतात. त्याला हे मागे पडल्यासारखं वाटेल. मित्र विमानतळावरचे फोटो टाकत असताना पहाटे कंपनीची बस पकडायला उभं राहणं सोपं नाही, हे मी समजू शकते. पण त्या वहीवाल्या मुलासारखं जाण्यापेक्षा मला हे शंभर वेळा चालेल.

तिसरी, इथेच एम.टेक. गेट ही प्रवेश परीक्षा चांगली गेली तर आयआयटीत महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, आणि तिथून सहा महिने संशोधनासाठी जर्मनीला जाणारी मुलं आहेत. ही पुन्हा परतीची वाट बांधलेली.

ज्यांची मुलं अजून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन परदेशी विद्यापीठाशी करार आहे का ते आताच विचारावं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग, म्हणजे काही भाग परदेशी विद्यापीठात शिकायच्या पद्धतीत पदवीच्या ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स बाहेर मिळवता येतात. करार असतात आणि मुलांना पत्ता नसतो, असं मी बघितलंय. अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पुण्यातल्या समाज कल्याण आयुक्तालयात चौकशी करावी. मराठा-कुणबी मुलांसाठी 'सारथी'ची आहे. कर्ज घ्यायचंच तर व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षं सवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. हे यजमानांना माहीत असेलच.

शेवटचं एक काम तुमचं एकटीचं आहे, ताई. तुमची पाहुणी डिसेंबरात जाणार. त्याआधी एका रविवारी तिला घेऊन बसा आणि विचारा, तिच्या या चार महिन्यांचा खर्च कोणी केला, तिच्या आईवडिलांनी काय गहाण टाकलं, परत गेल्यावर इथला अभ्यास तिथे धरणार का, आणि तिच्या वर्गातले कितीजण बाहेर गेले. दोघांना समोर बसवून विचारा. चार महिने तिच्यावरून भांडण चाललंय आणि तिला स्वतःला कोणी काही विचारलेलं दिसत नाही.

फोड हातात येईपर्यंत फाईल कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. आणि मुलाने कागदावर कोणतं नाव लिहिलं ते मला जरूर कळवा.